मदत हवी आहे: सव्वादोन वर्षांचा मुलगा दूध आणि वरणभाताच्या पुढे जातच नाही

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. लेकाचं जेवण म्हणजे दूध, वरणभात, बिस्किट आणि परत दूध. दिवसाला पाऊण लिटर आरामात होतं, रात्री तर बाटली तोंडात असल्याशिवाय झोपतच नाही. वजन ठीक म्हणून मी पण निवांत होते, पण मागच्या आठवड्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४, या वयाला ११ तरी हवं. डॉक्टरांनी लोहाचे ड्रॉप्स दिलेत आणि दूध अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितलंय, कारण दुधात लोह जवळपास नसतंच आणि पोट मात्र त्यानेच भरतं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणे, निघाली पोराचं दूध तोडायला! त्या पेठ तालुक्याकडच्या, सगळा भरवसा नागलीवर, म्हणजे नाचणीवर. नागलीत कॅल्शियम भरपूर, मान्य, पण सत्त्व शिजवणार तेही दुधातच 🙄

बुधवारी गंगेवरच्या (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) बाजारातून मेथी, लाल माठ, भोपळा सगळं आणते, पराठ्यात लपवलं तरी हिरवा ठिपका दिसला की थू. अंड्याला तोंडच उघडत नाही. आणि गंमत बघा, रविवारी बाबाच्या मिसळीच्या रश्श्यात बुडवलेला पाव नाकडोळे वाहेपर्यंत खातो, घरची मटकीची उसळ मात्र नको!

तर रात्रीची बाटली कशी सोडवलीत? आणि कडधान्यं, भाज्या, अंडी यातलं आधी काय सुरू करू? रडवून भरवायचं नाहीये मला.

प्रतिसाद:
ताई, उत्तर तुम्हीच लिहिलंय की, त्याला बाबाची ताटली हवीये. तीच मटकी कमी तिखटाची पातळ रश्श्याची करा, वर लिंबू पिळा म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं, आणि तुमच्याच ताटातून घेऊ द्या. नवीन चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय पटत नाही, एकदा थुंकला म्हणून सोडू नका. ड्रॉप्स दुधासोबत देऊ नका. बाटलीचं म्हणाल तर आम्ही आधी दिवसाचं दूध कपात आणलं, तेही जेवणानंतरच, मग रात्रीचं. तीन रात्री कॉलनी जागवली त्याने, चौथ्या सकाळी स्वतःहून पोळी मागितली. आणि हो, द्राक्षं उभी चिरूनच द्या, अख्खं घशात अडकतं.

धागाकर्ती:
मिसळीचं सासूबाईंना पण पटलं! फक्त पावाऐवजी त्यात नागलीची भाकरी कुस्करायची म्हणे. जिंकल्या त्या.