आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) सुरू करतोय. गावाहून ये-जा करून कसं जमवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही अंबाजोगाईजवळच्या एका गावात राहतो. माझं वय ३३, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. माझ्या नळ्या उघड्या आहेत, थायरॉईड गोळीनं ताब्यात आहे, एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) जरा कमी. ह्यांचा शुक्राणूंचा काउंट बराच कमी. गोळ्या झाल्या, आययूआय (वीर्य नळीनं गर्भाशयात सोडतात ते) झालं. आता छत्रपती संभाजीनगरच्या डॉक्टरांनी आयव्हीएफ, त्यातही इक्सी (एकेका अंड्यात एकेक शुक्राणू सुईनं सोडतात ते) करायला सांगितलंय. पुढची पाळी आली की दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या.

उपचार कसा असतो ते मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं, त्याबद्दल तक्रार नाही. माझे प्रश्न दवाखान्याबाहेरचे आहेत.

इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवायची म्हणे. आमच्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही. शिवाय फ्रीज एकत्र घरातला. दह्याच्या पातेल्यामागं औषधाचा डबा दिसला की जाऊबाई विचारणारच, आणि आम्ही घरात अजून काही बोललेलो नाही. सोनोग्राफीला सारखं जावं लागतं का? एसटीनं एका बाजूला पाच तास जातात. हे सगळं दिवाळीच्या सुट्टीत बसवता येईल का? पॅकेजचा आकडा सांगितलाय, पण त्यात काय धरलंय ते कळत नाही. सोयाबीनचे पैसे आले की भरायचेत, म्हणून आधीच विचारते. आणि गर्भ सोडल्यावर खरंच पंधरा दिवस पडून राहावं लागतं का? आई तसंच म्हणते.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. "आधी अमुक देवाला जाऊन या" हे कृपया नको, सगळे देव झालेत.

मांजराकाठ
ताई, मी यातून गेलेय, लातूरहून पुण्याला जाऊन. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग रोज इंजेक्शन, साधारण आठ ते बारा दिवस. पहिले चार-पाच दिवस जायचं काम नसतं. त्यानंतर मात्र दर एक-दोन दिवसांनी अंडी किती वाढली ते बघतात आणि त्यावर डोस बदलतो. मधल्या सोनोग्राफ्या लातूरला किंवा अंबाजोगाईत करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, हे मॅडमना आधीच विचारा. काही डॉक्टर हो म्हणतात, काहींना स्वतःच्याच डोळ्यांनी बघायचं असतं. शेवटचे चार-पाच दिवस तरी शहरात कोणाकडं राहायची सोय करा. अंडी काढण्याआधीचं ट्रिगरचं इंजेक्शन रात्री ठरलेल्या मिनिटाला घ्यावं लागतं आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी पिकअप, म्हणजे अंडी काढणं. त्या वेळेत एसटी बंद पडली तर अंडी हातची जातात.

फ्रीजचं सांगते. सगळीच इंजेक्शनं फ्रीजची नसतात, प्रत्येक खोक्यावर तापमान बघा. जी २ ते ८ डिग्रीची असतात ती मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, बर्फाच्या कप्प्यात तर नकोच. एकदा गोठलं की ते औषध टाकून द्यायचं. त्यापेक्षा ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या फ्रीजला ठेवा आणि रोजचं रोज आणा. तुमच्या यजमानांच्या दुकानदारीत ओळखीचा एखादा असेलच. प्रवासात आइसपॅकच्या डब्यात, पण मध्ये फडकं गुंडाळून, बाटली बर्फाला टेकू द्यायची नाही. पोटावर टोचायचं असतं, सुई इन्सुलिनसारखी बारीक. नर्सताईंकडून एकदा शिकलात की स्वतःच घ्याल.

सुट्टीत बसवण्याचा नाद सोडा. पाळी सुट्टीचं वेळापत्रक बघून येत नाही. गोळी देऊन थोडं मागंपुढं करतात, पण मेडिकल रजेची तयारी ठेवाच.

पडून राहायचं काही नाही. पोळ्या लाटा, शाळेत जा, फक्त जड उचलू नका आणि गर्भ टिकायला देतात ते प्रोजेस्टेरॉनचं औषध चुकवू नका. बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिलेत का ते बघायची रक्ततपासणी, गर्भ सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी. घरी पट्टी लावून बघू नका, पट्टी एचसीजीच बघते, म्हणून ट्रिगर एचसीजीचं असेल तर सुरुवातीला खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

नांदेडचा एकजण
ताई, हे साहेबांना वाचायला द्या. पुरुषबीज तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणजे तंबाखू, गुटखा, दारू जे असेल ते आज सोडलं तर फरक तेव्हा दिसणार. फवारणीच्या औषधांशी रोजचा संबंध आहे हेही डॉक्टरांना सांगा. आणि पिकअपच्या दिवशीच नमुना द्यायचा असतो. बाहेर सगळे खोळंबलेत म्हटल्यावर भल्याभल्यांना जमत नाही. आधी एक नमुना गोठवून ठेवता येतो, काउंट कमी असताना तर जरूर विचारा.

काचेपलीकडून
मी लॅबमध्ये काम करते. आकड्यांनी हरखूही नका, खचूही नका. समजा दहा अंडी निघाली, तर पिकलेली साधारण आठ, फळणारी (शुक्राणूशी मिळून गर्भ धरणारी) पाच-सहा, पाचव्या दिवसापर्यंत टिकणारे गर्भ दोन-तीन. एएमएच कमी असेल तर सुरुवातच कमी अंड्यांपासून.

पैशांबाबत: २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानं क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे. यशाची शक्यता, खर्च, धोके हे जोडप्याला समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे, तेव्हा लाजू नका, लेखी मागा. इंजेक्शनं, भूल, इक्सी, ब्लास्टोसिस्ट (गर्भ पाचव्या दिवसापर्यंत वाढवणं), फ्रीझिंग, नंतरचं फ्रोजन ट्रान्सफर (गोठवलेला गर्भ सोडणं) हे एकेक वेगळं लावलंय का ते विचारा. आरोग्य विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत हा उपचार बसत नाही, तुमची वाचून बघा.

पिकअपनंतर पोट थोडं फुगतं, ते चालतं. पण पोट टम्म झालं, उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, धाप लागली तर गावातल्या डॉक्टरकडं गॅसची गोळी घेऊ नका, सरळ सेंटरला फोन लावा. पीसीओडीवाल्यांना हा धोका जास्त, तुमच्यासारख्यांना कमी, पण माहीत असू द्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मेडिकलच्या फ्रीजचं डोक्यातच आलं नव्हतं, ह्यांचा मित्रच आहे. तंबाखूचं वाचून हे गप्प झाले आणि पुडी शेजारच्या गड्याला देऊन टाकली, बघू किती दिवस टिकतं.

लांबच्या एका मामींनी कुठून तरी ऐकलं असावं, "पैसे घालताच आहात तर मुलगाच करून घ्या" म्हणाल्या. त्यांना ते गुन्ह्यात मोडतं म्हणून सांगितलं, तर मलाच म्हणाल्या, मास्तरीण झालीस म्हणून शिकवू नको.

आता एकच राहिलं. मॅडम म्हणाल्या, गर्भ लगेच न सोडता गोठवून पुढच्या महिन्यात सोडू. त्यासाठी पुन्हा तेवढ्याच सोनोग्राफ्या लागतात का? आणि त्या तरी अंबाजोगाईत चालतात का?

मांजराकाठ
फ्रोजनला खूप कमी, पोटावरची इंजेक्शनं सहसा नाहीत. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघायला एक-दोनदा, ते माझं लातूरलाच झालं होतं.