गणवेशाचा शर्ट अकरा वाजेपर्यंत चिंब होतो, उपाय सुचवा

दारावरचा

एका मोठ्या इमारतीच्या दारावर माझी नोकरी आहे. पाळी सकाळी सातला सुरू होते. अर्धा वेळ बाहेर फाटकाशी उन्हात, अर्धा वेळ आत लॉबीत, एसीच्या झोताखाली. शर्ट टेरीकॉटचा, फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा. बाह्या दुमडायच्या नाहीत, शर्ट आत खोचलेला हवा, वर पट्टा. अकरा वाजेपर्यंत काखेतली ओल खिशाच्या शिवणीपर्यंत पोचते, पाठीला शर्ट पट्ट्यापर्यंत चिकटतो आणि त्या अवस्थेत लॉबीत शिरलं की हुडहुडी भरते. येणारे-जाणारे काही बोलत नाहीत, पण नजर बरोबर काखेवर जाते. घाम सगळ्यात जास्त उठून दिसावा म्हणूनच हा रंग निवडला असावा अशी मला दाट शंका आहे.

सध्या आंघोळीनंतर टाल्कम पावडर आणि डिओ मारतो. पावडरचा तासाभरात लगदा होतो. बनियन घालत नाही, आधीच उकडतंय तिथे आणखी एक कापड कशाला? शर्ट दोनच मिळतात. कापड, रंग बदलणं माझ्या हातात नाही, शिलाईत थोडंफार इकडेतिकडे केलेलं चालतं. ‘पाणी कमी पी’ हा सल्ला एका सहकाऱ्याकडून मिळालेला आहे, तो कृपया परत देऊ नये.

सुईदोरा

गणवेश शिवण्यातच माझी हयात गेली, त्यामुळे कापडाच्या बाजूने सांगते. दादा, आधी बनियन परत चढवा.

गणवेशाचं टेरीकॉट बहुतेक वेळा ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुती असतं. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत तो वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा धरतो, सुताचा धागा आठ टक्क्यांच्या आसपास. असलं कापड उघड्या अंगावर आलं की घाम त्वचा आणि शर्ट यांच्यामध्ये अडकतो, शर्ट चिकटतो, आणि एकदा चिकटला की आतून वारा खेळायची वाट बंद. उकाडा वाढतो तो या चिकटण्याने. आत पातळ बनियन असली तर घाम ती आधी घेते, पसरवते, आणि शर्ट अंगापासून सुटा राहतो.

पण कुठली बनियन, हे बघा. बिनबाह्यांची घेऊन काही उपयोग नाही, तिच्यात काखच उघडी राहते. अर्ध्या बाह्यांची हवी, अंगाबरोबर बसणारी (ढगळ असली की काखेत चुण्या पडतात आणि काचतं) आणि हातावर धरली तर पलीकडचं अंधूक दिसावं इतकी पातळ. रंग पांढरा नको. फिकट निळ्याखाली पांढऱ्या बनियनच्या कडा लांबून दिसतात. स्वतःच्या कातडीच्या जवळपासचा रंग किंवा फिकट राखाडी घ्या, दिसत नाही.

आता शर्ट. छातीला नीट बसावा म्हणून लोक एक माप लहान घेतात आणि तिथेच फसतात. पाठीत आणि छातीत हात घालून चिमटीत दोन बोटं कापड आलंच पाहिजे. योकखाली (म्हणजे खांद्यामागच्या आडव्या पट्टीखाली) पाठीला चुणी असेल तर ती इस्त्रीने दाबून सपाट करू नका, हात हलला की तिथूनच कापड सुटतं आणि हवा आत-बाहेर होते. मुंढा (बाही जिथे जोडतात तो घेर) काखेत रुतत असेल तर थोडा खाली उतरवून घ्या. फार नाही हं! मुंढा फार उतरला की हात वर केल्याबरोबर अख्खा शर्ट पट्ट्यातून बाहेर येतो आणि मग साहेब ओरडतात. शिंप्याला हे दोन्ही सांगा, नाहीतर तो एकच ऐकतो.

आणि स्टार्च बंद. कडक इस्त्री सकाळी सातला छान दिसते, पण विणीतली भोकं त्याने बुजतात आणि घाम लागला की तेच चिकट होतं.

मोकळी_हवा

सुईदोरा यांच्या बहुतेक मुद्द्यांना +१. बनियन कुठल्या कापडाची यावर मात्र थोडी भर घालतो.

घाम आल्याने थंडावा मिळत नाही, तो वाळल्याने मिळतो. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपकला किंवा फडक्याने पुसला गेला तर अंग गार करायचं काम न करताच गेला. हवा दमट असली की वाळणं मंदावतं, शरीर आणखी घाम काढतं, आणि तो नुसताच वाहतो. तेव्हा दमट दिवशी उन्हात उभं राहून कोरडं ठेवेल असं कापड कुणाकडेच नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. आपल्या हातात एवढंच की ओल लवकर पसरावी, वरच्या शर्टापर्यंत उशिरा पोचावी आणि जमेल तेव्हा बदलता यावी.

सुती बनियन घाम छान शोषते, पण धरून ठेवते. तुमची लॉबीतली हुडहुडी त्यातलीच. एसीची हवा कोरडी, ओलं कापड तिथे झपाट्याने वाळायला लागतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता तुमच्या पाठीतून काढतं. खेळाडूंच्या टीशर्टसारखी विणलेली पातळ पॉलिएस्टर बनियन लवकर वाळते. तो धागाही पाणी पीत नाही, पण विणीतल्या बारीक फटींमधून ओल सरकत बाहेरच्या बाजूला जाते. तिचा दोष एकच, वास. घामातलं तेल त्या धाग्यात जाऊन बसतं आणि धुतलेली बनियन अंगाची ऊब लागताच पुन्हा बोलायला लागते.

सुईदोरा

वासाचं बोललात ते बरं झालं, मी म्हणूनच सुती म्हणते. दोन सुती बनियन घ्याव्यात आणि मधल्या सुट्टीत एक बदलावी. शर्ट दोनच मिळतात, बनियन कितीही घेता येतात.

मोकळी_हवा

बदलायला जागा असेल तर सुतीच, मान्य. फक्त उन्हातून आल्या आल्या बदलू नका. घाम लगेच थांबत नाही, पुढची काही मिनिटं चालूच राहतो आणि नवी बनियन त्यातच भिजते. आधी मान, मनगटं आणि तोंड पाण्याने ओलं करा, पंख्याखाली बसा, अंग पुसा, मग घाला. सकाळच्या आंघोळीचंही तेच. गरम पाण्याने अंघोळ आणि लगेच शर्ट, म्हणजे घरातूनच ओले होऊन निघालात. परवानगी असेल तर प्रवासात वेगळा शर्ट घाला आणि गणवेश कामावर पोचल्यावर चढवा.

औषधपेटी

काउंटरवर रोज हाच घोटाळा बघते. डिओने घाम थांबत नाही. तो वास झाकतो आणि वास करणाऱ्या जिवाणूंना थोडं आवरतो, बस. घाम कमी करायचा असेल तर डबीवर ‘अँटीपर्स्पिरंट’ लिहिलेलं हवं आणि घटकांत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार हवा. तो क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी जेलसारखा गोळा होऊन तात्पुरतं बूच बसवतो.

लावायची वेळ रात्रीची, झोपताना, अगदी कोरड्या काखेत. सकाळी घाईत ओल्या काखेत लावलं तर घामाबरोबर वाहून शर्टावर जातं. रात्री घाम कमी असतो, म्हणून बूच नीट बसतं आणि सकाळच्या आंघोळीने निघून जात नाही. परिणाम दिसायला काही दिवस द्या. केस काढल्यावर लगेच लावू नका, झोंबतं. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं जोरकस औषध खाजवतं, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

टाल्कमबद्दल: ती घसटणं कमी करते, घाम नाही. मांडीच्या आत ठीक, काखेत लगदाच.

दारावरचा

सर्वांचे आभार. दोन शंका. हे अँटीपर्स्पिरंट पाठीलाही फासलं तर? माझी खरी अडचण पाठ आहे. आणि दुसरं, माझ्याबरोबर नवीन लागलेली मुलं उन्हात माझ्यापेक्षा कमी भिजतात. मी तर जुना माणूस, मला सवय व्हायला हवी होती ना?

औषधपेटी

पाठीला नको. काख म्हणजे अंगाचा लहानसा तुकडा, तिथला घाम अडवला तरी शरीर बाकीच्या कातडीवरून भागवतं. उन्हात उभ्या माणसाने पाठ, छाती सगळं बंद केलं तर उष्णता जाणार कुठून? पाठीला बनियन आणि ढिला शर्ट, एवढंच.

तिथे पुरळ येत असेल तर ते घामोळं, म्हणजे घामाच्या नळ्या तुंबल्या. त्यावर जाड क्रीम थापू नका, गार आणि कोरडं ठेवा. जांघेत कडेने पसरणारा गोल चट्टा असेल तर ते वेगळं प्रकरण, बहुधा बुरशी. त्यावर स्टेरॉइड मिसळलेली मलमं मनाने लावू नका. खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी पसरते. जाता जाता: सवयीचा नसलेला घाम अचानक सुरू झाला, रात्री अंथरूण भिजायला लागलं, वजन उतरलं, तर शर्टाची चर्चा सोडून तपासणी करून घ्या. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही घाम वाढतो. वाढला तरी गोळी मनाने सोडायची नाही.

मोकळी_हवा

दुसऱ्या शंकेबद्दल. सवय झाली म्हणूनच तुम्ही जास्त भिजता. रोज उन्हात काम केलं की साधारण एक-दोन आठवड्यांत शरीर जुळवून घेतं. घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी असतं. नवी मुलं कोरडी दिसतात, पण उन्हाची भोवळ आधी त्यांना येईल, त्यांच्यावर लक्ष ठेवा. पाणी कमी प्यायचा सल्ला देणाऱ्याला हेही सांगा की पाणी तोडल्याने शर्ट कोरडा राहत नाही, माणूस कोरडा पडतो.

धुलाईघर

कपडे धुण्याच्या कामात आहे, एवढंच सांगतो. फॅब्रिक सॉफ्टनर गणवेशाला आणि बनियनला वापरू नका. धाग्यावर त्याचा थर बसतो आणि कापड घाम घ्यायचं विसरतं. घामेजलेला शर्ट पिशवीत कोंबून दोन दिवस ठेवू नका. त्याच संध्याकाळी साध्या पाण्यातून काढला तरी मीठ निघून जातं. काखेतले पिवळे डाग अ‍ॅल्युमिनियम आणि घाम एकत्र आल्याचे असतात, त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलंत तर आणखी पिवळे होतात, आणि फिकट निळ्याचा रंग जाईल तो वेगळा. ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात भिजवून धुवा, तेही आतल्या शिवणीवर थेंबभर टाकून रंग टिकतो का बघून.

दारावरचा

राखाडी बनियन घेतो, अर्ध्या बाह्यांच्या. सुईदोराताई, तयार शर्टाचा मुंढा उतरवता येतो का? आमच्याकडे शिवून देत नाहीत, मापाचा उचलून देतात.

सुईदोरा

येतो, पण नुसता खाली कापला तर तिथे कापड कमी पडतं आणि बाही ओढली जाते. बाजूची आणि बाहीची शिवण उसवून आत किती कापड सोडलंय ते आधी बघायला सांगा. पुरेसं असेल तर तेवढ्यावर सैल होतं. नसेल तर काखेत चौकोनी तुकडा तिरका बसवावा लागेल, त्याने हातही मोकळा उठतो. त्या रंगाचं कापड बाजारात शोधत बसू नका, शर्टाच्या मागच्या खालच्या टोकातून काढायला सांगा. तो भाग खोचलेलाच असतो, कुणाला दिसत नाही. फक्त एवढं लांब कापू देऊ नका की वाकल्यावर शर्ट बाहेर येईल. आणि दोन्ही शर्ट एकदम देऊ नका, एकावर करून आठवडाभर घालून बघा.