पर्शियन मांजर केबिनमधून दिल्लीला न्यायचे आहे: वजन, परवानगी आणि कागदपत्रे

सातरस्ता_सोलापूर:
नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे लेकीकडे दिल्लीला राहायला जाणार आहोत आणि चार वर्षांच्या चिंगीला सांभाळेल असे घरी कोणी नाही. सोलापूरहून दिल्लीला थेट विमान नसल्यामुळे पहाटे मोटारीने पुणे गाठून तेथून विमान पकडावे, असा विचार आहे. पशुवैद्यकांच्या काट्यावर चिंगी ४ किलो ९०० ग्रॅम भरली; पण बॅगेत घडी घातलेली सोलापुरी चादर अंथरून तिला बसवले, तर काटा सात किलोच्याही पुढे गेला. मर्यादा मांजराच्या वजनाची असते की बॅगेसकट? आणि तिकीट आधी काढावे की परवानगी आधी घ्यावी?

माऊचे_बाबा:
मर्यादा बॅगेसकटच मोजतात, आणि काउंटरवर प्राण्यासह बॅग काट्यावर ठेवायला लावतात. सर्वच कंपन्या केबिनमध्ये प्राणी नेऊ देत नाहीत: एअर इंडिया नेते, अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली (तेव्हा केबिनची मर्यादा सात किलो होती), तर इंडिगो सेवा-श्वानांव्यतिरिक्त पाळीव प्राणी घेत नाही. वजनाची मर्यादा आणि शुल्क बदलत राहते, म्हणून त्या दिवशीचा आकडा कंपनीकडूनच घ्यावा.

एका विमानात मोजक्याच प्राण्यांना जागा मिळते. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला फोन करून त्या विमानात जागा आहे का हे विचारावे, आणि तिकीट हाती येताच चिंगीची नोंद करून लेखी होकार घ्यावा. मी हा क्रम उलटा केला होता आणि तिकीट रद्द करण्याचे पैसे भरले. कंपनीचे नाव घेत नाही, चूक माझीच होती. प्राण्याचे शुल्क तुमच्या सामानाच्या हक्कात धरत नाहीत, ते वेगळे द्यावे लागते. पहिली रांग आणि आपत्कालीन दाराजवळची आसने मिळत नाहीत, कारण बॅग पुढच्या आसनाखाली सरकवावी लागते आणि चिंगीला उतरेपर्यंत त्यातच राहावे लागते.

डॉक्टर_जनावरांचे:
तिला सामानकक्षातून न्यायचा पर्याय कोणी सुचवला, तरी मे महिन्यात तो स्वीकारू नये. पर्शियन मांजराचे नाक चपटे असते, श्वासमार्ग अरुंद असतो, आणि उष्णतेत तिला धाप लागते. अशा जातींना बऱ्याच कंपन्या सामानकक्षात घेतही नाहीत. ‘शांत राहावी’ म्हणून गुंगीचे औषध तर मुळीच देऊ नये, कारण त्याने रक्तदाब आणि श्वसन मंदावते व उंचीवर त्रास वाढतो. रेबीजच्या लसीची नोंदवही आणि प्रवासयोग्यतेचा दाखला सोबत असावा. दाखला किती दिवसांपूर्वीपर्यंतचा चालतो हे कंपनी सांगते, म्हणून तो महिनाभर आधी काढून ठेवू नये. निघण्यापूर्वी चार-पाच तास जेवण देऊ नये, पाणी मात्र थोडे-थोडे द्यावे.

होटगी_रोड:
एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. सुरक्षा तपासणीत रिकामी बॅग यंत्रातून जाते आणि मांजर हातात धरून तुम्हाला चौकटीतून जावे लागते. गर्दी आणि यंत्राच्या आवाजाने आमचा बोका खांद्यावर चढून बसला होता, माझा शर्ट फाटला. छातीचा पट्टा आणि दोरी घरूनच घालून न्या. चिंगीला आतापासून रोज थोडा वेळ बॅगेत बसवा, म्हणजे ती बॅग तिला परकी वाटणार नाही. विमान जमलेच नाही, तर रेल्वेत फर्स्ट एसीचे दोन बर्थचे संपूर्ण कूपे आरक्षित करून मांजर नेता येते.

सातरस्ता_सोलापूर:
सर्वांचे मनापासून आभार. चादर काढून जुन्या सुती साडीची एकच घडी अंथरली, तेव्हा सगळे मिळून ६ किलो १०० ग्रॅम भरले. चादरीवर झोपायची सवय असल्यामुळे चिंगीने आधी साडी पंजाने बाहेर ओढली, मग तीवरच जाऊन बसली. उद्या सकाळी कंपनीला फोन लावतो. तिकीट मात्र त्यानंतरच.