प्रवास-आरोग्य केंद्राचे नेतृत्व परिचारिकेकडे असावे का?

माणदेशी सिस्टर (धागाकर्ती) :

गेली अकरा वर्षे मी इंग्लंडमधील एका कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यात परिचारिका आहे आणि त्यांतील सात वर्षे परदेशी निघालेल्या माणसांना आरोग्यविषयक सल्ला देणे व लसी टोचणे हेच माझे मुख्य काम आहे. मागील महिन्यात मुंबईतील एका जुन्या मैत्रिणीशी बोलणे झाले. तीही एका खासगी रुग्णालयाच्या प्रवासी लसीकरण विभागात काम करते. माणूस कोठे चालला आहे, किती दिवसांसाठी, शहरात राहणार की खेड्यात, त्याला कोणती औषधे चालू आहेत, पूर्वी कोणती लस बाधली होती, हे सारे तीच विचारते. पण तिच्या नेमणुकीच्या कागदावर तिचे काम ‘इंजेक्शन देणे’ एवढेच लिहिलेले आहे. विभागात कोणत्या लसी ठेवायच्या आणि कोणाला काय विचारायचे, हे ठरवणाऱ्या बैठकीला तिला आजवर कोणी बोलावलेले नाही.

माझे मत असे आहे की, प्रवास-आरोग्य या शाखेत खरे काम टोचण्याच्या आधी होते आणि ते जर परिचारिका करत असेल, तर त्या केंद्राचे नेतृत्वही तिच्याकडे असले पाहिजे. एक उदाहरण देते. येथील मराठी कुटुंबे शाळेच्या सुट्टीत, म्हणजे ऐन जुलै-ऑगस्टमध्ये, आजोळी जातात. आईवडिलांची समजूत अशी असते की आपण तिथेच वाढलो, आपल्याला काय होणार. पण हिवतापाविरुद्धची जी काही प्रतिकारशक्ती लहानपणी मिळालेली असते, ती परदेशी राहून ओसरते आणि मुलांना तर ती मुळात नसतेच. कोल्हापूरजवळच्या गावी सहा आठवड्यांसाठी निघालेल्या अशा एका कुटुंबाला मी हिवतापाच्या गोळ्या दिल्या नाहीत, कारण येथील मार्गदर्शनानुसार त्या भागासाठी डासांपासून बचाव पुरेसा मानला जातो. त्याऐवजी अर्धा वेळ मी कुत्र्याविषयी बोलले. चार वर्षांचे मूल अंगणातल्या कुत्र्याला कुरवाळते, ओरखडा निघतो आणि रागावतील म्हणून ते घरी सांगत नाही. रेबीजची लस आधी घेतलेली असेल, तर चाव्यानंतर इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज पडत नाही. मात्र पुढचे डोस तरीही तातडीने घ्यावे लागतात. ही दुसरी गोष्ट त्या आईच्या मनात पक्की बसेपर्यंत मी तिला खोलीबाहेर जाऊ दिले नाही. सुई टोचायला मिनिटभर लागले असेल.

ब्रिटनमध्ये हे काम परिचारिकांकडे आले ते एका दिवसात नव्हे. 2000 साली रुग्णगटांसाठीच्या लेखी निर्देशांना कायद्याचा आधार मिळाला, म्हणजे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे प्रिस्क्रिप्शन नसतानाही ठरलेल्या चौकटीत परिचारिकेला लस देता येऊ लागली. 2006 मध्ये, विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना आपल्या कार्यक्षेत्रापुरती जवळजवळ सर्व औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षी ग्लासगोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्समध्ये प्रवासवैद्यकाची विद्याशाखा सुरू झाली आणि तिचे दरवाजे परिचारिकांनाही उघडे राहिले. 1599 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत 2018 साली जेन किओडिनी या परिचारिकेने त्या विद्याशाखेचे अधिष्ठातापद स्वीकारले. आंतरराष्ट्रीय पातळीवर इंटरनॅशनल सोसायटी ऑफ ट्रॅव्हल मेडिसिन 2003 पासून जी प्रमाणपत्र परीक्षा घेते, ती डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते या सर्वांना एकच असते. परिचारिकांसाठी सोपी प्रश्नपत्रिका नसते.

महाराष्ट्रातून आज आखातात, आफ्रिकेत, जहाजांवर, हज यात्रेला आणि शिक्षणासाठी माणसे जात आहेत. मग त्यांच्या आरोग्याचा सल्ला देणाऱ्या परिचारिकेला प्रशिक्षण, परीक्षा आणि त्यानंतर अधिकार, असा मार्ग आपल्याकडे का असू नये?

वैद्यक अध्यापक :

आपण केलेले काम मोलाचे आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. मी जनऔषधवैद्यक विषय शिकवतो आणि एका पीतज्वर (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा विषाणूजन्य ताप) लसीकरण केंद्राचे काम काही वर्षे पाहिलेले आहे.

पीतज्वराची लस जिवंत विषाणूची आहे. बहुसंख्य लोकांना ती सुरक्षित असली, तरी क्वचित ती लसच प्राणघातक आजार घडवते आणि हा धोका साठीनंतर वाढतो. छातीतील थायमस ग्रंथीचा विकार असलेल्यांना किंवा ती ग्रंथी काढलेल्यांना ती देताच येत नाही. आपण काम करता त्या ब्रिटनमध्येच अशा मृत्यूंनंतर 2019 मध्ये औषध नियामक संस्थेला सूचना अधिक कडक कराव्या लागल्या. केनियाला सहलीसाठी निघालेल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ‘आपण ही लस घेऊ नका, शक्य असल्यास बेत बदला’ असे सांगणे हा वैद्यकीय निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी डॉक्टरची आहे. ज्या लेखी निर्देशांचा आपण उल्लेख केला, त्यांवरही ज्येष्ठ डॉक्टर आणि औषधनिर्माता यांच्या सह्या लागतात. म्हणजे आपले स्वातंत्र्य शेवटी डॉक्टरांनी आखलेल्या चौकटीतलेच आहे.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्यासमोरच्या पडद्यावर त्या रुग्णाची अनेक वर्षांची नोंद असते. आमच्याकडे येणारा माणूस रिकाम्या हाताने येतो. ‘काही आजार आहे का’ असे विचारले की ‘काही नाही’ म्हणतो आणि ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत’ असे विचारले की खिशातून रक्तदाबाची, मधुमेहाची आणि कोणत्या तरी वैदूने दिलेली पुडी काढतो. हृदयात स्टेंट बसवलेली निवृत्त जोडपी पुण्याहून निघून एका दिवसात विमानाने 3,500 मीटर उंचीच्या लेहमध्ये उतरतात आणि आदल्या आठवड्यात ‘विरळ हवेची गोळी द्या’ म्हणून येतात. त्या गोळीने भागणार नाही, हे ओळखण्यासाठी नुसती प्रश्नावली पुरत नाही. तपासणी करावी लागते आणि जुन्या कागदांतून निदान शोधून काढावे लागते. ज्या व्यवस्थेत नोंदीच नाहीत, तेथे ब्रिटनचा नमुना उचलून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

रात्रपाळी :

मी एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. सरांशी मी पूर्ण सहमत नाही आणि धागाकर्त्या ताईंशीही नाही.

सरांना एवढेच सांगायचे आहे की, गावोगावच्या ए.एन.एम. (सहायक परिचारिका-प्रसाविका) ताई कित्येक दशके बाळांना लसी देत आहेत आणि त्या वेळी त्यांच्या शेजारी डॉक्टर बसलेला नसतो. लस दिल्यावर बाळाला तीव्र ॲलर्जी झाली, तर ॲड्रेनॅलिनचा पहिला डोस देण्याची मुभा आणि त्याचे प्रशिक्षण सरकारनेच त्यांना दिलेले आहे. शीतपेटी दोन ते आठ अंशांत आहे की नाही, हे रोज दोन वेळा वहीत कोण लिहिते? पीतज्वराच्या लसीची कुपी एकदा विरघळवली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून दहा माणसे जमेपर्यंत थांबायचे की चौघांसाठी कुपी फोडायची, हा हिशेब कोण करते? आम्हीच करतो. बाळांचे वेळापत्रक ठरलेले असते आणि प्रवाशाचे प्रत्येक वेळी नवे असते, हा फरक मला मान्य आहे. पण तो शिकवता येण्याजोगा फरक आहे.

ताईंना मात्र माझे म्हणणे वेगळे आहे. नेतृत्व हा शब्द आमच्याकडे आला की त्याच्यामागोमाग काम येते. पद आणि पगार येत नाही. आमच्या येथे एका सिस्टरने स्वतःच्या खर्चाने लसीकरणाचे एक प्रशिक्षण पूर्ण केले, विभागाची घडी बसवली, नोंदवह्या सुधारल्या, आणि दीड वर्षाने तिची बदली शस्त्रक्रियागृहात झाली. तिच्या जागी आलेल्या मुलीला पीतज्वर आणि कावीळ यांतला फरक समजावण्यापासून सुरुवात करावी लागली. विशेषज्ञ परिचारिकेसाठी स्वतंत्र मंजूर पद नसेल, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि माणूस दुसऱ्या वॉर्डात जातो. अतिदक्षतेसाठी आणि प्रसूतीसेवेसाठी प्रॅक्टिशनर परिचारिकांचे अभ्यासक्रम देशात आले, 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदाही झाला. आता नवे अधिकार मागताना आधी पदे मागितली पाहिजेत. रात्री चाळीस खाटांना दोघी असतात, तेथे प्रवाशाशी अर्धा तास बोलायला तिसरी कोठून आणणार?

रत्नागिरीचा खलाशी :

मी व्यापारी जहाजावर आहे, डॉक्टर नाही आणि परिचारिकाही नाही. चर्चेत एका अनुभवाची भर घालतो. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांना लागणाऱ्या जहाजावर माझी निवड झाली होती आणि पीतज्वराचे पिवळे कार्ड, म्हणजे लस घेतल्याचे प्रमाणपत्र, हवे होते. लस घेतल्यावर ते दहा दिवसांनी लागू होते, म्हणून माझी घाई चालली होती. केंद्रावर गर्दी होती. टेबलावरचे डॉक्टर कार्डांच्या गठ्ठ्यावर एकामागून एक सह्या करत होते. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलेही नाही. त्यांना दोष देत नाही, कारण रांग जिन्यापर्यंत गेली होती. आत टोचणाऱ्या सिस्टरने मला विचारले, ‘बोटांचे सांधे सुजलेले दिसतात, त्यासाठी काही घेता का?’ मी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीचे नाव सांगितले. त्यांनी सिरिंज खाली ठेवली आणि मला स्वतः डॉक्टरांकडे परत नेले. ती गोळी प्रतिकारशक्ती दाबणारी होती आणि तिच्यावर असताना मला जिवंत लस देणे योग्य नव्हते. ते जहाज माझ्या हातचे गेले, काही महिन्यांनी दुसरे मिळाले. कार्डावर सही करण्याचा अधिकार त्या सिस्टरचा नसला, तरी माझ्यासाठी निर्णय त्यांनीच घेतला होता.

वैद्यक अध्यापक :

खलाशी, आपला अनुभव वाचून मी बराच वेळ विचार केला. न पाहता केलेल्या सहीचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्या सिस्टरने आपल्याला डॉक्टरांकडे परत नेले, ही गोष्टही आपण पाहावी. तिने धोका ओळखला आणि निर्णयासाठी योग्य जागी पाठवले. मी ज्या व्यवस्थेची बाजू घेत आहे, ती हीच आहे.

माणदेशी सिस्टर :

सर, तुमचा नोंदींचा मुद्दा मी मान्य करते. माझ्यासमोरचा पडदा काढून घेतला, तर माझेही अनेक निर्णय डळमळतील. गुंतागुंतीचा रुग्ण डॉक्टरांकडे गेला पाहिजे, यातही वाद नाही. मी स्वतः दर आठवड्याला कोणाला ना कोणाला पाठवते. परंतु कोणाला पाठवायचे हे ओळखणे, हेच या शाखेतले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि त्या खलाश्याच्या बाबतीत ते कोणाकडे होते, हे तुम्ही वाचलेच आहे. ते कौशल्य तिच्या स्वभावातून आले, अभ्यासक्रमातून नव्हे. उद्या तिथे दुसरी कोणी असेल, तिची नजर बोटांच्या सांध्यांकडे जाणार नाही. त्या सिस्टरला पुढच्या दहा जणींना ते शिकवण्याचा अधिकार असावा, केंद्रावरची प्रश्नावली तिने लिहावी, रांग जिन्यापर्यंत गेली की लसीकरण थांबवण्याचा शब्द तिचा असावा. मी नेतृत्व म्हणते ते याला.

आणि सहीविषयी बोलायचे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या सहाव्या परिशिष्टात पीतज्वराच्या प्रमाणपत्रावर वैद्यकीय व्यवसायी ‘किंवा अन्य प्राधिकृत आरोग्य कर्मचारी’ यांनी स्वहस्ते सही करावी, असे म्हटले आहे. जगाच्या नियमाने परिचारिकेला वगळलेले नाही.

रात्रपाळी, तुमच्या म्हणण्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. बदलीचा प्रश्न मी येथे बसून विसरले होते. ब्रिटनमध्येही एक गोष्ट मला खटकते, ती सांगून टाकते. रेबीज, जपानी मेंदूज्वर अशा लसी बहुतेक प्रवाशांना स्वतःच्या पैशाने घ्याव्या लागतात आणि खासगी केंद्रांत किती लसी खपल्या यावर परिचारिकेचे काम जोखले जाण्याचा धोका असतो. त्या कोल्हापूरच्या कुटुंबाला गोळ्या नकोत असे मी निर्धास्तपणे सांगू शकले, कारण माझा पगार गोळ्यांवर अवलंबून नव्हता. मुंबईतील माझ्या मैत्रिणीला हे स्वातंत्र्य आहे का, हे मी तिला विचारायला हवे होते.

वैद्यक अध्यापक :

‘प्राधिकृत’ या शब्दावरच सारे अडलेले आहे. प्राधिकृत कोणी करायचे, कोणत्या परीक्षेनंतर आणि चूक झाल्यास न्यायालयात कोणी उभे राहायचे, हे आपल्याकडे लिहिले जाईपर्यंत मी सही सोडणार नाही. प्रश्नावली मात्र सिस्टरांनी लिहावी. आमच्या केंद्रावरची प्रश्नावली मी लिहिलेली आहे आणि तिच्यात सांध्यांच्या गोळ्यांचा प्रश्न शेवटून दुसरा आहे.

रात्रपाळी :

सर, तो पहिला घ्या. आणि ‘सांधेदुखीचे औषध घेता का’ असे विचारू नका, लोक नाही म्हणतात. ‘आठवड्यातून एकदाच घ्यायची अशी कोणती गोळी आहे का’ असे विचारा.