नावं लिहून घेतली, आता पुढे काय? नव्या लोकांचा अभ्यासगट कसा चालवावा

प्रश्न: ओंजळ
सर्वांना सलाम. येशूविषयी आणखी समजून घ्यायचं आहे असं स्वतःहून सांगितलेल्या सहा जणांचा गट सुरू करायचा आहे. चौघं ख्रिस्ती घरातले नाहीत, दोघं नावापुरते ख्रिस्ती आहेत. पाळकसाहेबांनी आम्हा दोघांवर जबाबदारी सोपवली आहे. मत्तय २८:१९-२० सगळ्यांना पाठ असतं, पण ‘शिष्य करा’ म्हणजे दर आठवड्याला नेमकं काय करायचं? कोणता भाग घ्यावा, वेळ किती, आणि असे गट मोडतात ते कशामुळे? साक्ष (येशूने आपल्या आयुष्यात काय केलं ते) कशी सांगावी हेही कोणी लिहिलं तर बरं होईल.

उत्तर: माळवद
ओंजळताई, त्या वचनांत मूळ ग्रीकमध्ये आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: ‘शिष्य करा’. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही सगळी त्याला जोडून आलेली रूपं. आणि शिकवायचं ते ‘पाळायला’. त्यामुळे गटाची आखणी करताना एक गोष्ट धरून ठेवा: वाचलेलं त्या आठवड्यात पाळून बघायचं, आणि पुढच्या बैठकीत त्याबद्दल बोलायचं.

मार्ककृत शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत, गोष्टी आटोपशीर आहेत. सगळं सलग वाचण्याच्या हट्टाने गट आठव्या आठवड्याला दमतो. ११ भाग निवडले तरी पुरतं. १:१४-२०, २:१-१२, ४:३५-४१, ५:१-२०, ५:२१-४३, ८:२७-३८, १०:१७-३१, १०:४६-५२, १४:३२-५०, १५:२१-३९, १६:१-८. बारावा आठवडा मागे वळून बघायला ठेवा. ८:२९ मधला ‘तुम्ही मला कोण म्हणून म्हणता?’ हा प्रश्न सहाव्या आठवड्याला आपोआप येतो. त्याआधी कोणाकडूनही कबुलीची घाई करू नका.

बैठक ७५ मिनिटांची. चहा आणि मागच्या आठवड्याची विचारपूस १० मिनिटं, छोटी प्रार्थना ५, तोच भाग दोन वेगळ्या आवाजांत वाचणं १०, प्रश्न ३०, ‘या आठवड्यात काय करणार’ १०, एकमेकांसाठी प्रार्थना १०. प्रश्न चारच: इथे काय घडलं? येशू कसा दिसतो? माणसं कशी दिसतात? हे खरं असेल तर माझ्यात काय बदलायला हवं?

दुसऱ्या भागाचं उदाहरण देतो. पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उसवून खाली सोडलं. गालीलातली घरं सपाट छपराची: लाकडी तुळया, वर फांद्या, वर थापलेली माती. सोलापूर-धाराशिवकडच्या माणसाला हे माळवद सांगावं लागत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: माळवद उकरताना खाली बसलेल्यांच्या डोक्यावर काय पडलं असेल? घरमालक काय म्हणाला असेल? गप्प बसणारेही बोलायला लागतात. मग ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ हे वाक्य येतं, आणि शास्त्री (यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार) मनात का कुरकुरले हे त्यांचं त्यांनाच सापडतं. शेवटी प्रश्न: या आठवड्यात कोणाच्या बाजेचं एक टोक मी धरू शकतो? उत्तरात नाव आणि वार आला पाहिजे. ‘मी लोकांना मदत करीन’ हे उत्तर पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

गट मोडायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चालवणाराच प्रवचन देतो. तुमचं बोलणं एकूण वेळेच्या पाव हिश्श्यात बसवा. दुसरं कारण, कौतुकाने येऊन बसणारे जुने विश्वासू, म्हणजे आधीपासूनचे ख्रिस्ती. प्रश्न पडायच्या आत ते रोमकरांस पत्रातलं उत्तर देतात आणि नवा माणूस कायमचा मिटतो. तुम्ही दोघं सोडून जुनं कोणी नको.

उत्तर: सरळ_मराठी
साक्षीबद्दल. तीन मिनिटं, तीन भाग: आधी आयुष्य कसं होतं, येशूकडे कशाने ओढले गेलात, आता काय वेगळं आहे. कागदावर लिहून मोठ्याने वाचा. साडेतीनशे शब्दांपेक्षा जास्त भरलं तर पहिल्या भागात काटछाट करा, कारण जुन्या पापांची यादी नेहमी तिथेच लांबते. मग ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘रक्ताने धुतलो’, ‘ओझं आलं’ असे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकाच्या जागी शेजारणीला कळेल असं वाक्य लिहा. ‘तारण मिळालं’ याऐवजी ‘देवाने मला माफ केलं हे मला कळलं, आणि मरणाची भीती गेली’. शेवटी उपदेश जोडू नका. मार्क ५:१९ मध्ये येशू भूतबाधेतून बऱ्या झालेल्या माणसाला सोबत येऊ देत नाही, घरी पाठवतो. देवाने काय केलं तेवढंच त्याने आपल्या माणसांना सांगायचं आहे.

वाचनाच्या प्रतीकडेही लक्ष द्या. आपल्या कानांना गोड लागणारी जुनी बायबलची मराठी पहिल्यांदा वाचणाऱ्याला अडखळवते. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल मोठ्याने वाचायला फार सोयीचं आहे. त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही आहे. सगळ्यांच्या हातात एकच अनुवाद असू द्या, नाहीतर अर्धा वेळ शब्द जुळवण्यात जातो.

गाणं एकच आणि तेही भजन घ्या. टाळ पुरतात, कीबोर्ड लागत नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आपल्या उपासनेत भजन-कीर्तन आणलं ते याच विचाराने, की मराठी माणसाला देवापुढे परकं वाटू नये.

उत्तर: सीमारेषा
एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शिवाय राज्याराज्यांत कायदे वेगळे आहेत. आपल्या राज्यातला कायदा वकिलाकडून नीट समजून घ्या.

पण कायदा नसता तरी या मर्यादा पाळायलाच हव्यात. रेशन, फी, दवाखान्याचा खर्च यांतलं काहीही गटात वाटू नका. मदत करायची तर ती गटात न येणाऱ्यालाही तितकीच मिळाली पाहिजे, आणि ती वाटणारा माणूस वेगळा असावा. १८ वर्षांखालच्या मुलाला पालकांना विचारल्याशिवाय बसवू नका. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण गोळ्या बंद करा असं कोणीही बोलता कामा नये. दुसऱ्याच्या देवाची टिंगल नको. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला सिद्ध असा म्हटलं आहे, आणि ते सौम्यतेने व आदराने द्या असंही त्याच वाक्यात आहे. ‘मला आता यायचं नाही’ असं कोणी म्हणालं, तर चहा पाजा आणि मैत्री तशीच ठेवा.

ओंजळ
मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. एका बाईंना बाप्तिस्मा हवा आहे, पण घरचे अजून तयार नाहीत. थांबावं का? आणि बारा आठवड्यांनंतर काय?

उत्तर: माळवद
प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये हबशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने वाटेतच बाप्तिस्मा दिला, म्हणून थांबणं हा नियम नाही. पण बाप्तिस्मा मंडळीत (चर्चमध्ये) होतो. निर्णय पाळकसाहेब आणि त्या बाई मिळून घेतील, तुम्ही तारीख सुचवू नका. घरच्यांना ही गोष्ट बाहेरून कळता कामा नये. बाईंनी स्वतः सांगावी, शांतपणे, आणि सणासुदीच्या घाईत नको. घरात मारहाणीची भीती असेल तर आधी सुरक्षित जागेची सोय, मग बाकीचं.

घरच्यांना वेळ लागतो. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली काही वर्षं ते वेगळे राहिले, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्या सुरुवातीला आपलं सोवळं सांभाळत होत्या. बाईंच्या यजमानांना हे सांगायची गरज नाही, पण तुम्ही दोघं लक्षात ठेवा.

बारा आठवड्यांनंतरची तयारी पाचव्या आठवड्यातच सुरू करा. २ तीमथ्य २:२ मध्ये चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती ज्यांना शिकवतील ते. सहाव्या आठवड्यापासून एकेकाला प्रश्न विचारायचं काम द्या. आदल्या दिवशी फोनवर अर्धा तास त्याची तयारी करून घ्या. चार प्रश्न कार्डावर लिहून दिले की पुरतं. बाराव्या आठवड्याला सहापैकी दोघं जरी न अडखळता बैठक चालवू लागले, तर पुढचा गट त्यांच्या हाती द्या. पहिल्या महिन्यात तुम्ही मागे बसा आणि बोलू नका.