पाळणाघर सुरू केल्यापासून पाचवी सर्दी. डॉक्टर बदलू का?

ओवीची_आई, नाशिक
लेक सोळा महिन्यांची. जूनमध्ये पाळणाघरात घातली, आता सप्टेंबर, आणि ही पाचवी सर्दी. दोन दिवस ताप, मग शेंबूड, मग खोकला. तो थांबतो न थांबतो तोच पुढची सुरू. रात्री आडवं केलं की घरघर. दूध कमी झालंय, दिवसा मात्र घरभर उंडारते. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, छाती साफ आहे. तापाचं औषध आणि नाकात सलाईनचे थेंब, बस. सासूबाईंचं म्हणणं, अँटिबायोटिक न देणारा हा कसला डॉक्टर! शेजारी सर्दीचं सिरप उरलंय, तेच चमचाभर द्यावं म्हणतात. माझ्या रजा संपल्यात. काय करू?

जुळ्यांचा_बाबा
डॉक्टर ठेवा, सिरप ओतून टाका. बाटलीवर क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन अशी जोडी आहे का बघा. ती 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध महानियंत्रकांनी 2023 मध्ये बजावलंय. आणि व्हायरसपुढे अँटिबायोटिक काय करणार? आमच्याकडे पहिल्या वर्षी कॅलेंडरवर सर्दीचे दिवस लाल पेनाने रंगवायचो. पूर्ण नोव्हेंबर लाल! या वयात वर्षाला सहा-आठ वेळा होतेच.

गटप्रवर्तक_ताई
आशा सेविकांसोबत बारा वर्षं गावं फिरतेय, म्हणून सांगते. सर्द्या मोजू नका, श्वास मोजा. ताप उतरला की, लेक झोपेत असताना झबलं वर करा, पोटावर नजर ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, बाळांचा श्वास एका लयीत चालत नाही. 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले तर दवाखाना. दोन महिने ते वर्षाच्या आतल्यांना 50, त्याहून लहानांना 60. आकडा कमी असला तरी श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा लेक काहीच पीत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. गावाकडे म्हाताऱ्या 'पोट उडतंय' म्हणतात ते हेच. त्यांची नजर पक्की असते, इलाज तेवढा चुकतो.

नातवंडांची_आजी
ओव्याची पुरचुंडी आणि कापूर छातीला लावा. मध चाटवा.

गटप्रवर्तक_ताई
आजी, मध चालेल, वर्ष उलटलंय तिला. कापूर नको हो, लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात. पुरचुंडीही आधी स्वतःच्या गालाला लावून बघा, भाजलेली पोरं पाहिलीत मी.

ओवीची_आई, नाशिक
काल रात्री मोजले. आधी 38 आले, पोटात गोळाच आला. अंग तापलं होतं. औषध दिलं, तासाभराने परत मोजले, 31. खड्डा वगैरे काही नाही. मग सासूबाई चष्मा लावून बसल्या, त्यांचे 33 भरले. सिरप मोरीत गेलं. आता 'तू मधे दोन सोडलेस' यावर वाद चालू आहे.