मदत हवी आहे: कारच्या स्टिरिओत पेनड्राइव्हवरची गाणी क्रमाने वाजत नाहीत

६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (फाइली साठवायची एक पद्धत) होता तेव्हा स्टिरिओ वाचतच नव्हता; फॅट३२ या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये केल्यावर लगेच वाचला. फ्लॅक (दर्जा न घटवता गाणी साठवणाऱ्या) फाइली चालत नाहीत, म्हणून सगळ्या ३२० केबीपीएस एमपी३ केल्या.

आता अडचण क्रमाची. नावाआधी ०१, ०२ लावूनही ०७ आधी वाजतं. स्टिरिओ नाव बघतच नाही, फाइली ज्या क्रमाने कॉपी झाल्या तोच धरतो. एकेक करून कॉपी केल्या की क्रम अगदी बरोबर लागतो, पण ४०० गाण्यांना हे कसं जमणार? पेनड्राइव्हवरची यादीच नावानुसार लावून देणारं, विंडोजवर चालणारं खात्रीचं सॉफ्टवेअर कुणी वापरलंय का? फोल्डरांचा क्रमही त्यात लागतो का?

शिवाय मॅकवरून भरलेल्या फोल्डरात प्रत्येक गाण्याच्या जोडीला ‘._’ने सुरू होणारी ४ केबीची फाइल येते. स्टिरिओ तिलाही गाणं समजून अडकतो. ती कॉपी करतानाच कशी टाळायची?